लॉट

यार्डात अठरा वर्षं हा शब्द मी खडूनं लिहितोय
पोत्यांच्या पोटावर: लॉट ब्याऐंशी, लॉट त्र्याऐंशी.
हमालांच्या तोंडी त्याची लाट होते,
सीमेपलीकडचे गाडीवाले लाटु म्हणतात.
कुठनं आला, मी कधी विचारलं नाही.
भाव कुठनं येतो, हे तरी कोण विचारतं?

सौदा निघतो. पुढे अडत्या, मागे खरेदीदारांचा घोळका,
कुणीतरी हळकुंड कट्‌कन मोडतो,
आतला रंग उजेडाकडे धरतो,
आकडा चढतो, अडतो, आणखी पन्नासानं चढतो,
आणि पायांचा लोंढा पुढच्या ढिगाकडे सरकतो.
नऊ महिने जमिनीत,
दीड मिनिट उजेडात.

रविवारी पद्मजा आली, आमच्या बाहुबलीची थोरली.
इंग्रजी घेऊन एम. ए. करतेय.
वहीत डोकावली नि हसली,
“काका, हा शब्द तुमच्या काट्यापेक्षा म्हातारा आहे.”

मग सांगत बसली, चहावर साय धरेपर्यंत.
म्हणे मुळात लॉट म्हणजे लाकडाची ढलपी.
वाटणी असली की ज्याची त्याची खूण केलेल्या ढलप्या
भांड्यात टाकायच्या, हलवायच्या,
उडून बाहेर पडेल त्याचा कौल.
पुढे ढलपीनं जे दिलं त्यालाच लॉट म्हणू लागले,
जमिनीचा तुकडा, लुटीतला हिस्सा,
आणि मग जे जे पदरात पडतं ते सगळंच.
म्हणजे नशीब गं, मी म्हणालो.
म्हणजे नशीब, ती म्हणाली.

“आणि लॉटरी?”
“याच घरची. पण परमुलूख फिरून परत आलेली.”
“प्लॉट? आमच्या गुंठेवारीत तोच तर शब्द.”
“नाही काका, त्याचं कूळ वेगळं. नुसता आवाज जुळतो.”
“मग भरपूरला लॉट का म्हणतात?”
“वाट्यांचे ढीग लागले. ढीग बघितला
की माणसाला वाटतंच, पुष्कळ आहे.”

अर्ध्या हळकुंडानं मी पिवळा झालो तो तिथंच.

कारण मला वेगळीच ढलपी दिसत होती.
आप्पा गेल्यावर, पंचांसमोर, पितळी तपेल्यात दोन चिठ्ठ्या:
एकीत यार्डातला गाळा, दुसरीत हरिपूरचं पेव,
आतल्या दीडशे पोत्यांसकट.
निघेल ती पहिली थोरल्याची, असं ठरलेलं.
चार वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला,
तिनं हात घातला, चिठ्ठी काढली,
रुमाल वर सारला
आणि बापाला सोडून माझ्याकडे पळत आली.
मी तिला रोज गोळ्या द्यायचो ना.

सगळे हसले. मग कुणीच हसलं नाही.
बाहुबली म्हणाला, असू दे, पोरीनं दिली ती त्याची.
मी उलगडली: पेव.

पुढच्याच पावसाळ्यात कृष्णा हरिपुरात चढली,
हमाल म्हणतात तशी लॉटची खरोखर लाट झाली.
पाणी उतरलं तेव्हा पेवाच्या तोंडातनं
आंबूस वाफ आली, आणि पिवळा गाळ.
त्या दिवाळीत मी काट्यावर उभा राहिलो,
भावाच्या गाळ्यापासनं चौथ्या ओळीत.

तिला यातलं काही आठवत नाही.
मीही काढलं नाही. काय काढायचं?
ढलपीला कुणी जाब विचारतं का?

“काका, मराठीत याला एकच शब्द सांगा ना,
मला निबंधात घालायचाय.”
वाटा, चिठ्ठी, ढीग, तिघंही आले नि अर्ध्यावर बसले.
एक शब्द मात्र अगदी जिभेच्या टोकावर आला:
ललाट.
पण तिनंच तर मघाशी बजावलेलं,
नुसता आवाज जुळून कूळ जुळत नाही.

“लॉटच लिही,” मी म्हणालो, “इथं सगळ्यांना कळतो.”
पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं.
त्या पानावर माझा अंगठा उमटलेला,
तिनं तो पुसायला पदर लावला,
आणि रंग आणखी पसरला.